हाकेच्या अंतरावरचा विसावा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सोमवारच्या रकान्यात लाल आकडा दिसला, की घराघरांत एक गोड हिशेब सुरू होतो. शनिवार, रविवार आणि त्याला जोडून आलेली सुट्टी. तीन दिवस सलग! नागपूर-विदर्भातल्या घरांत मग पचमढी, चिखलदरा ही नावे निघतात. कुणी धीर करून गोव्याचेही नाव घेतो. पण काही घरांत हा हिशेब सुरू होताच थांबतो. त्या घरातील एका खोलीत कुणीतरी वर्षभरापासून आजारी असते. बिछान्याशेजारी औषधांची टोपली असते, रात्री दोनदा उठावे लागते, आणि पती-पत्नींचे आपसांतले बोलणे आता गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांची तारीख आणि महिन्याचा खर्च एवढ्यापुरतेच उरलेले असते. "अहो, दोन दिवस आईंकडे कोण पाहील?" या एका प्रश्नाशी सगळे बेत संपतात.

वाचकहो, आजचा हा लेख विशेषतः अशा घरांतील जोडप्यांसाठी आहे. शुश्रूषा करणाऱ्यालाही विश्रांती लागते, हे आपण सारे तोंडाने मान्य करतो. परंतु ती विश्रांती घ्यायची कोठे आणि कशी, याचा विचार क्वचितच करतो. सहलीचे ठिकाण निवडताना आपण तिथे काय काय पाहण्यासारखे आहे, हे आधी विचारतो. खरे तर पहिला प्रश्न वेगळा असावा. आपण नेमके कशाने थकलो आहोत? ज्याची झोप वर्षभर तुटली आहे, त्याला पहाटे चारला उठवणारी सहल विसावा देणार नाही. ज्याला घरात बोलायलाच कुणी उरलेले नाही, त्याला गर्दीचे ठिकाण अधिकच एकटे करील. आणि ज्याचे अर्धे मन घरातल्या आजारी माणसापाशी आहे, त्याला बारा तासांच्या अंतरावरचे रमणीय स्थळही सुखाने पाहता येणार नाही.

म्हणून अशा जोडप्याने ठिकाण निवडताना एक साधी कसोटी लावावी. घरून फोन आला, तर दोन तासांत परत पोहोचता येईल का? ही कसोटी मन लहान करणारी वाटेल. पण अनुभव उलटा येतो. परतीची वाट जवळ आहे हे ठाऊक असले, की मन निर्धास्त होते, आणि निर्धास्त मनच विश्रांती घेऊ शकते. नागपूरकरांपुरते बोलायचे, तर या कसोटीला भंडारा जिल्हा चांगला उतरतो. भंडारा शहर नागपूरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्गावर आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे भंडारा रोड स्थानक वरठीला आहे. ज्यांचे घर पुण्या-मुंबईकडे आहे, त्यांनी हीच कसोटी आपल्या भोवतालच्या नकाशावर लावून पाहावी.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला, तरी हे बिरुद दोघांनीही वाटून घेतले आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने येथे उतार हेरून मातीचे बांध घातले आणि पावसाचे पाणी धानासाठी अडवले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. मालगुजारी संपून ते शासनाकडे आले, तेव्हा त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आणि त्याचेच लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. धान कापणीनंतरच्या थंडीत या तलावांच्या काठी गेलात, तर कमळे, शिंगाड्याचे वेल, ढिवर बांधवांची जाळी आणि पाहुणे पक्षी एकत्र दिसतात. येथे तिकीट नाही, रांग नाही. बांधावर बसून राहणे एवढाच कार्यक्रम.

आता जिल्ह्यातील ठिकाणे एकेक करून आपल्या कसोटीवर पाहू.

पहिले नाव अर्थातच जंगलाचे. साकोलीजवळच्या पिटेझरी प्रवेशद्वारातून नागझिऱ्यात जाता येते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'नागझिरा' या पुस्तकामुळे हे रान मराठी घरांत परिचयाचे झाले. कोका अभयारण्य भंडारा शहरापासून जवळ आहे. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्यात नागझिरा आणि कोका ही दोन्ही अभयारण्ये आहेत. पवनीच्या बाजूने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचेही द्वार आहे. नागझिऱ्यात वाढलेला 'जय' नावाचा वाघ शेते, नद्या आणि रस्ते ओलांडून 2013 मध्ये याच अरण्यात आला होता. त्याला पाहण्यासाठी लोकांची रीघ लागे. 2016 च्या एप्रिलनंतर तो कुणालाही दिसला नाही.

अरण्यातली हवा, अंधार आणि शांतता यांचा गुण कोण नाकारील? तरीही थकलेल्या जोडप्याला थोडा सबुरीचा सल्ला द्यावासा वाटतो. सफारी म्हणजे पहाटेच्या अंधारात उठणे, थंडीत उघड्या जिप्सीत बसणे आणि तीन-चार तास खाचखळग्यांतून हिंदकळणे. पाठीचे वा मानेचे दुखणे असेल, गर्भारपण असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे टाळावेच. शिवाय वाघ दिसला नाही, तर 'एवढे करून काय मिळाले' ही खंत सोबत येते. आणि रानात भ्रमणध्वनीला संपर्क मिळेलच असे नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांच्यासाठी हीच शांतता धास्तीची होते. घरी सारे क्षेमकुशल असेल आणि दोघांनाही पहाटे उठण्याची हौस असेल, तर मात्र खुशाल जावे. पावसाळ्यात जंगल बंद असते आणि आठवड्यातून एक दिवसही सुट्टीचा असतो. तेवढी चौकशी आधी करावी.

दुसरे ठिकाण तुमसरजवळचा आंबागड. देवगडच्या बख्त बुलंद शाहच्या काळात, सुमारे 1700 मध्ये, हा गिरिदुर्ग उभा राहिला. चढ फार मोठा नाही, भोवतालचे रान सुंदर आहे. आणि पायथ्याच्या बाजूला गायमुख हे शिवाचे स्थान आहे. गुडघे साथ देत असतील आणि रक्तदाब ताब्यात असेल, तर सकाळच्या उन्हात हा चढ अंगाला हितकारक आहे. पण जोडीतील एकाला चढवत नसेल, तर दुसऱ्याने गड पाहावा आणि पहिल्याने गाडीत बसावे, असे करू नये. दोघांना मिळून काही करता यावे, यासाठीच तर आपण निघालो आहोत.

तिसरे अंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा येथे संगम मानतात. देवस्थान नागपूर जिल्ह्याच्या काठावर आहे आणि नवा तारांचा पूल ते भंडाऱ्याच्या काठाशी जोडतो. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये रचलेला 'विवेकसिंधु' येथेच लिहिला गेला, असे एक मत आहे. अंबाजोगाईकरांचा त्यावर दावा आहेच. स्थळ रम्य आहे. पण सुट्टीच्या दिवशी पुलावर चांगलीच गर्दी होते. एखादी संध्याकाळ येथे घालवावी, मुक्काम नको.

उरते पवनी. वर सांगितलेल्या जोडप्याने हेच निवडावे, असे माझे मत आहे. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, म्हणजे आपल्या दोन तासांच्या आत. तालुक्याचे गाव असल्यामुळे दवाखाने आणि औषधांची दुकाने आहेत, फोन लागतो. आणि मुख्य म्हणजे हे गाव चालत पाहण्याचे आहे. एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या बाजूंनी जुना तट आणि खंदक. आत देवळेच देवळे. म्हणूनच लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी पंचमुखी गणेश येथला. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख कोरलेले दगड सापडले. दोन हजार वर्षांपूर्वी सामान्य स्त्री-पुरुषांनी दिलेली दाने त्या लेखांत नोंदली आहेत. ज्यांचे वर्ष औषधांच्या वेळांत मोजले गेले, त्यांना काळाचा हा एवढा मोठा विस्तार पाहून थोडे हलके वाटते.

येथे तीन दिवस कसे घालवावेत? पहिला दिवस झोपेचा. उशिरा उठण्याची लाज वाटून घेऊ नये. वर्षभराची झोप एका दिवसात भरून निघत नाही, पण शरीराला ती मागण्याची मुभा तरी मिळते. दुपारी जेवण साधे असावे. 'भंडारा चिन्नोर' या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा मऊ भात, वरण आणि हंगामातली भाजी एवढे पुरे. विदर्भाचा झणझणीत रस्सा चाखायचा तर दुपारी चाखावा. रात्री खाल्ला तर झोपेचे खोबरे होते. सूर्य कलताना घाटावर जाऊन बसावे. फोन एकाच्याच खिशात असावा आणि घरी बोलण्याची वेळ ठरलेली असावी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात तटाच्या कडेने चालावे. सकाळचा उजेड शरीराचे झोप-जागेचे घड्याळ लावायला मदत करतो. मग गोसीखुर्द धरणाकडे जावे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेला हा प्रकल्प म्हणजे डोळ्यांत न मावणारे पाणी. त्या पाण्याखाली अनेक गावांची शेते आणि अंगणे गेली आहेत, एवढे मनात ठेवून ते पाहावे. नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांतून या जलाशयाकडे येते, म्हणून पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. नावेत बसलात तर जीवरक्षक जाकीट घालूनच.

तिसऱ्या दिवशी परतताना भंडाऱ्यावरून मोहाडी-आंधळगावाकडे वळता येईल. हातमागावर विणलेले करवतकाठी कोसा वस्त्र येथले. वाटेत धानाच्या बांधीत नशिबाने सारस दिसला, तर गाडी थांबवावी. पण लांबूनच पाहावे. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया आणि भंडाऱ्यातच मोजक्या संख्येने उरला आहे. माणसाएवढी उंची, लाल डोके, आणि सदा जोडीने वावरणे ही त्याची ओळख. जोडी एकत्र सूर लावून ओरडते; एकाची हाक आणि दुसऱ्याचे उत्तर मिळून तो एकच आवाज वाटतो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. तेव्हा येऊ नये. हिवताप आणि हत्तीपाय हे डासांमुळे होणारे रोग पूर्व विदर्भाला नवे नाहीत, म्हणून मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम सोबत असावे. तलावाकाठच्या उंच गवतात बसू नये. पिण्याचे पाणी उकळलेले वा बंद बाटलीतले. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या दोन दिवस पुरून उरतील एवढ्या घ्याव्यात. मोठ्या शहरासारखी हॉटेले पवनीत शोधू नयेत. साध्या खोलीने भागत नसेल, तर मुक्काम भंडाऱ्यात करून दिवसभरासाठी पवनीला यावे.

आणि निघण्यापूर्वीची तयारी? ज्याला आपण मागे ठेवून जाणार, त्याला विश्वासात घ्यावे. नणंद, भाऊ, मोठी लेक यांपैकी ज्याला बोलवाल, त्याला आदल्या दिवशीच बोलवावे. औषधांच्या वेळा एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावाव्यात. डॉक्टरांचा क्रमांक खाली लिहावा. पुष्कळदा अडवणारे दुसरे कुणी नसते, आपणच असतो. आजारी माणूस तर म्हणत असते, "जा ना बाई, मी काही पळून जात नाही." त्या बोलण्यात थोडी थट्टा असते, आणि थोडी विनवणीही. आपल्यामुळे या दोघांचा संसार आटत चालला आहे, हे त्यालाही दिसत असते.

कोहळ्यांनी बांधलेले तलाव शेकडो वर्षे टिकले, ते दरवर्षी बांधाची डागडुजी झाली म्हणून. ज्या तलावांचा गाळ कुणी काढला नाही, ते पाऊस भरपूर पडूनही उथळ होत गेले. तीन दिवसांनी आपण घरी परताल, तेव्हा औषधांची टोपली तिथेच असेल, रात्रीचे उठणेही चुकणार नाही. पण पहाटे दोनला हाक आली, तर आज कुणी उठायचे हे ठरवताना दोघांच्या आवाजात पूर्वीचा त्रासिकपणा बहुधा नसेल. दिनदर्शिका समोरच आहे. पुढचा लाल आकडा सोमवारी किंवा शुक्रवारी कधी येतो, ते दोघांनी मिळून पाहावे.