फुकट खेळणाऱ्यांच्या जिवावर

"गेम फुकट, मग तुझा पगार कोण देतं?" नांदेडला गेलो की नातेवाइकांचा हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. मोबाइलवरच्या फुकट गेममध्ये काय विकायचं, केवढ्याला विकायचं आणि काय कधीच विकायचं नाही, हे ठरवणं माझं काम. उत्तर हिशेबाचं आहे, म्हणून आधी हिशेबच मांडतो.

आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की शंभर खेळाडूंमधले दोन-तीनच कधी तरी पैसे देतात. समजा, एक लाख लोक गेम खेळतात आणि त्यांतल्या २,००० जणांनी महिन्यात २९ रुपयांची एक वस्तू घेतली. २९ मधले जवळपास साडेचार रुपये जीएसटीत जातात. उरलेल्यातून अ‍ॅप स्टोअर आपला वाटा काढून घेतं. छोट्या कंपनीसाठी तो १५ टक्के धरू. हाती राहतात २१ रुपये, म्हणजे महिन्याचे ४२,०००. यात एका चांगल्या प्रोग्रामरचा पगार निघत नाही आणि सर्व्हरचं भाडं तर थांबायला तयार नसतं. जाहिरातींचा आधार आहे, पण आपल्याकडे हजार जाहिराती दाखवून जे मिळतं ते अमेरिकेच्या मानानं फारच थोडं. लुडो किंग हा १० कोटी डाउनलोड ओलांडणारा पहिला भारतीय गेम. तो प्रामुख्यानं जाहिरातींवर उभा राहिला, कारण तिथे घरातली आजीसुद्धा खेळत होती. एवढी गर्दी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

मग या धंद्यात दोन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे त्या दोन-तीन टक्क्यांना पिळायचं. अशा मोठ्या खर्चिकांना आमच्याकडे 'व्हेल' म्हणतात. त्यांना जिंकवणारी बंदूक विका, आत काय निघेल ते न सांगता पेटी विका, थांबायचं नसेल तर पैसे भरा म्हणा. या बंद पेट्या बेल्जियमनं २०१८ मध्ये जुगार ठरवल्या, आणि ते योग्यच झालं. दुसरी वाट लांबची आहे: न देणाऱ्याला वर्षानुवर्षं सांभाळायचं. मी दुसऱ्या वाटेचा माणूस आहे. ती नुसती सज्जनपणाची वाट नाही, टिकण्याचीही तीच आहे.

हे मला लातूरच्या होस्टेलांमध्ये पुरतं कळलं. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला आलेली मुलं रात्री क्लास सुटल्यावर चौघं मिळून एक-दोन डाव टाकतात. फोन दोन-तीन जीबी रॅमचे, डेटा दिवसाला दीड जीबी, त्यातही व्हिडिओ लेक्चरचा वाटा आधी. त्या चौघांत एखादाच कधी पैसे खर्च करतो. तो काय घेतो? जॅकेट, टोपी, बंदुकीचा रंग. का घेतो? बाकीचे तिघं बघतात म्हणून. ते तिघं उठून गेले तर त्या जॅकेटला पाहणारं कुणी नाही आणि मग ते घेण्यात अर्थही नाही. न देणारे खेळाडू हाच आमचा खरा माल आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

जिंकवणारी बंदूक विकली की काय होतं, तेही तिथेच पाहिलं. एका गेममध्ये पैसे भरणारा सारखा मारायला लागला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "आपल्याला हरवायला त्यानं पैशे भरल्यात, आपण कशाला खेळावं?" त्यानं गेम काढून टाकला. अशी मुलं गेली की डाव जुळायला वेळ लागतो, रिकाम्या जागी बॉट, म्हणजे संगणकानं चालवलेले खोटे खेळाडू, भरावे लागतात, आणि बॉटला हरवण्यासाठी कुणी पैसे टाकत नाही. सहा महिने कमाईचा आलेख वर चढतो, मग कडेलोट.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला गेलेल्यांना गर्दीचं हे मोल वेगळं समजवावं लागत नाही. खंडोबाला जायला कुणी तिकीट काढत नाही. तिथल्या घोडेबाजारात घोडा विकत घेणारा हजारांत एखादा, पण बघायला आलेली गर्दी नसती तर घोडेवाला इतक्या लांबून जनावरं घेऊन आलाच नसता.

नुसती सजावट विकून गेम चालतो का? चालतो. दक्षिण कोरियाच्या नेक्सॉननं २००३ मध्ये आणलेल्या मेपलस्टोरीत कपडे आणि केशरचना विकल्या जात होत्या. २०१७ पासून फुकट खेळला जाणारा फोर्टनाइट पोशाख आणि नाच विकून जगातल्या सर्वांत श्रीमंत गेमच्या पंक्तीत जाऊन बसला. पुण्याच्या सुपरगेमिंगनं २०२४ मध्ये आणलेला 'इंडस' हा बॅटल रॉयलही फुकटच आहे. त्यांच्या हिशेबाबद्दल मी बोलणार नाही. पण असे गेम पुण्यातून निघतात, हे नांदेडच्या विष्णुपुरीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

माझा सर्वांत जास्त वाद होतो तो मुदतीवर. बॅटल पास म्हणजे ठरावीक दिवसांत कामं पूर्ण करून बक्षिसं मिळवण्याचा परवाना. मुदत संपली की राहिलेली बक्षिसं गेली. रोज न आल्यास साखळी तुटते, ही दुसरी तऱ्हा. खेळाडू गेम सोडेल या धास्तीनं हे केलं जातं. आता लातूरचं वेळापत्रक बघा. नीट परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला. मार्चपासून शहाणं पोरगं गेम बंद करतं, आणि त्यानं तो बंद करायलाच हवा. त्या दोन महिन्यांसाठी आम्ही त्याला शिक्षा करायची? २०२१ मध्ये हेलो इन्फिनिट या गेमनं पासची मुदतच काढून टाकली. विकत घेतलेला पास कधीही पुरा करा. मला ही रीत आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. परीक्षा देऊन परतलेल्या मुलाला आपलं सगळं जागच्या जागी सापडलं, तर तो पुढची दोन वर्षं कुठे जात नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आली. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे खेळ वेगळे काढले गेले. पैशांच्या खेळांच्या कंपन्या मोठ्या जाहिरातदार होत्या, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या जाहिरातीच्या उत्पन्नाला झळ बसणारच. तरी मी या कायद्याच्या बाजूचा आहे. आमच्या फुकट गेमनं पोरांना सट्ट्याच्या दारात नेऊन सोडावं आणि त्या दलालीवर सर्व्हर चालवावेत, हे मला कधीच पटलं नव्हतं. डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या मागावर राहून त्यांना हेरून जाहिराती दाखवण्याला मनाई आहे. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं त्यात येतात. उत्पन्न आणखी घटेल. त्याची तोंडमिळवणी खर्चात करावी लागेल: गेमचा आकार लहान, टीम लहान, सर्व्हर गरजेपुरते, आणि वस्तू २९ रुपयांच्या, २,९०० च्या नव्हेत.

पालकांना एक विनंती. बहुतेक घरांत यूपीआय वडिलांच्या फोनवर असतं आणि संध्याकाळी तोच फोन मुलाच्या हातात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं आजच करून ठेवा. मुलाला खरंच काही घ्यायचं असेल तर तो तुम्हाला विचारेल, काय घेतोय ते दाखवेल. असे विचारून दिलेले २९ रुपयेच आम्हाला हवे आहेत.