आरसा की पडदा?

निर्मल म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वसईजवळचे निर्मळ उभे राहील. प्रस्तुत लेखातील निर्मल ते नव्हे. हे तेलंगणातील गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. नागपूरहून हैदराबादेस जाणारा महामार्ग त्याच्या जवळून जातो. नांदेडची सीमा तेथून फार दूर नाही. त्यामुळे भैंसा, मुधोळ या बाजूच्या बाजारांत मराठी मोकळेपणाने कानी पडते. माझी धाकटी बहीण लग्नानंतर तेथे नांदते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा तिच्या घरी एक वाद चालू होता. तसाच वाद आज इतरही अनेक घरांत चालत असेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

वाद लॅपटॉपचा होता. भाची बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीकडे निघालेली. भाचा एका चित्रशाळेत कामाला. तयार मालाची छायाचित्रे नीट करून परगावच्या गिऱ्हाइकांस पाठविणे आणि संगणकावर नव्या नक्ष्या जुळविणे हे त्याचे काम. वर्षभर काटकसर करून साठविलेल्या पैशांत लॅपटॉप एकच येणार होता, आणि तो दोघांनी वापरायचा होता. दुकानात सारख्याच किमतीचे दोन पाहून ठेवलेले. एकाचा पडदा काचेसारखा चकचकीत, दुसऱ्याचा मंद, ज्याला दुकानदार ‘मॅट’ म्हणतात. भाच्याला पहिला हवा होता, भाचीला दुसरा. ‘दादा, आता तूच काय ते सांग,’ असे म्हणून बहिणीने तो निवाडा माझ्यावर सोपविला.

भाच्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. निर्मलच्या मुलाला चकाकीचे मोल कोणी शिकवावयास नको. पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची तेथील खेळणी प्रसिद्ध आहेत. नकाश कारागीर लाकूड कोरून, चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे भरून, वर रंग चढवितात, तेव्हा लाकडी पेरू खऱ्या पेरूहून ताजा दिसतो. तेथील चित्रांची तर गोष्टच वेगळी. काळ्याभोर भूमीवर सोनेरी रेषा उमटते आणि वरच्या गुळगुळीत झिलईने काळा अधिक काळा व सोनेरी अधिक सोनेरी भासतो. ‘मामा, हीच झिलई पडद्याला असली म्हणजे रंग खरे दिसतात,’ असे भाचा म्हणाला.

त्यात तथ्य आहे. चकचकीत पडद्याचा पृष्ठभाग सपाट व नितळ असतो. आतून येणारा प्रकाश न विखुरता डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत अक्षरांच्या कडा रेखीव आणि काळा रंग खोल दिसतो. मॅट पडद्याचा पृष्ठभाग मुद्दाम अतिशय सूक्ष्म प्रमाणात खरबरीत केलेला असतो. त्यामुळे बाहेरचा उजेड विखुरतो खरा, पण आतला प्रकाशही किंचित पसरतो, आणि पांढऱ्या पानावर बारीक कणी असल्याचा भास कधी कधी होतो.

परंतु चित्र आणि पडदा यांत एक भेद आहे, आणि माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म त्यातच आहे. भिंतीवरच्या चित्रावर खिडकीची तिरीप पडली तर पाहणारा दोन पावले बाजूला सरकतो. तो तेथे येतो, घटकाभर पाहतो, निघून जातो. लॅपटॉपपुढे बसलेल्या विद्यार्थ्याला सरकता येत नाही. तो तीन-तीन तास एकाच जागी बसतो, आणि उजेड मात्र खिडकीतून सरकत राहतो.

केवळ बोलण्याने हे पटले नसते. म्हणून शेजाऱ्यांकडून एक चकचकीत पडद्याचा जुना लॅपटॉप मागून आणला. मेहुण्यांच्या कामाचा मॅट पडद्याचा घरात होताच. सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. त्या घरात दिवसा अभ्यासाला जागा तेवढीच. आतल्या खोलीत उकाड्याने बसवत नाही. चकचकीत पडद्यात समोरचे अंगण, दोरीवरची धुणी आणि आम्हां तिघांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. मधून मधून अक्षरेही दिसत. भाची वाचताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलती करू लागली. मॅट पडद्यावरही उजेड आला होता, पडदा जरा फिका पडला होता. पण त्यात अंगण नव्हते, धुणी नव्हती. अक्षरे जागच्या जागी होती.

याचे गणित सोपे आहे. साध्या काचेवर समोरून पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के तिच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. उजळ आकाशाचे तेज कित्येक हजार निट्स असते. निट् हे तेज मोजण्याचे माप. ते ५,००० धरले तरी त्याचे ४ टक्के म्हणजे २०० निट्स होतात. बेताच्या किमतीच्या लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा २५० निट्सचाच असतो. म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब अक्षरांच्या जवळजवळ बरोबरीने झगमगते. शिवाय प्रतिबिंब पडद्याच्या पृष्ठभागावर दिसत नाही; आरशातल्याप्रमाणे पलीकडे दूर दिसते. डोळा कधी अक्षरावर, कधी त्या दूरच्या अंगणावर ठरू पाहतो, आणि या ओढाताणीने शिणतो. मॅट पडदा उजेड गिळून टाकतो असे नव्हे; तो त्याला सर्वत्र पसरवितो, त्यामुळे प्रतिबिंबाचा आकार मोडतो.

रात्री दिवा मालवून तेच दोन पडदे पुन्हा लावले. आता भाच्याची पाळी होती. त्याने आपल्या चित्रशाळेतील एक काळ्या भूमीचे चित्र दोहोंवर उघडले. चकचकीत पडद्यावर ते अधिक देखणे होते, यात शंका नाही. पण मॅटवर ते बिघडले होते काय? नाही; उणे दिसत होते, पण थोडेसेच. तेथेच मला उत्तर सापडले. चकचकीत पडदा उजेडात जितके गमावतो, त्या मानाने मॅट पडदा अंधारात फारच थोडे गमावतो. दोघांच्या वापराची वस्तू घ्यायची, तर एकाचे थोडे उणे होऊन दुसऱ्याचे काम चालणार असेल तोच मार्ग बरा.

हा प्रश्न आपल्याच घरांना पडला आहे असे नव्हे. पूर्वी लॅपटॉपचे पडदे बहुधा मॅटच असत. २००० नंतरच्या दशकात चकचकीत पडद्यांची लाट आली. ॲपल कंपनीने २००८ साली आपल्या पंधरा इंची मॅकबुक प्रोला केवळ चकचकीत पडदा दिला. २००९ साली जादा पैसे घेऊन मॅटचा पर्याय परत आणला. पुढे तो पुन्हा बंद झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने प्रतिबिंब मोडणारी सूक्ष्म खरबरीत काच जादा दामाने देऊ केली. जेथे पैशाला तोटा नाही तेथेही चकाकीचा मोह आणि उजेडाची गरज यांचे भांडण मिटलेले नाही.

भाच्याची एक शंका मात्र उरली होती : रंगांचे काय? तिचे उत्तर पडद्याच्या चकाकीत नसून आतल्या पॅनेलमध्ये आहे. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात पुष्कळदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते; अशा पडद्यावर तांबडा विटका दिसतो, मग तो चकचकीत असो वा मॅट. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर घरगुती व व्यापारी चित्रकामास तो पुरेसा होतो. असा मॅट पडद्याचा लॅपटॉप शोधल्यावर सापडला, पण ठरल्यापेक्षा महाग. वरचे पैसे भाच्याने आपल्या कमाईतून घातले. ‘दिवसा ताईचा, रात्री माझा,’ एवढीच त्याची अट होती.

खरेदीस निघणाऱ्या कुटुंबांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुकानातले दिवे मालाच्या सोयीने लावलेले असतात. म्हणून लॅपटॉप बंद करून दाराच्या उजेडात धरावा. काळ्या पडद्यात आपली भुवई स्पष्ट दिसली तर तो चकचकीत समजावा. नुसती सावली दिसली तर मॅट. तेज ३०० निट्स किंवा त्याहून अधिक असेल तर बरे. चकचकीत पडदा आधीच घरात असेल तर प्रतिबिंब कमी करणारी पातळ फिल्म वर लावता येते. अक्षरांची धार किंचित बोथट होते एवढेच. आणि पडदा कोणताही असो, खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला ठेवावी. या उपायास एक पैही लागत नाही.

ज्याचे काम बंद खोलीत, रात्री, रंगांशीच आहे त्याने चकचकीत पडदा खुशाल घ्यावा. तथापि आपल्या घरांतील मुले बहुधा ओसरीवर, पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, जेथे वारा व उजेड मिळेल तेथे बसून शिकतात. त्यांच्यासाठी पैसे मोजताना दुकानात वस्तू कशी दिसते हे न पाहता, सकाळी दहा वाजता आपल्या ओसरीवर ती कशी दिसेल, हे पाहावे.