सगळ्यात गुटगुटीत पिल्लंच का गेली?

आजची नोंद पिकाची नाही, डुकरांच्या शेडातली आहे.

मागच्या महिन्यात नऊ पिल्लांचं दूध तोडलं. आठव्या दिवशी सकाळी सगळ्यात गुटगुटीत पिल्लू मेलेलं. आदल्या संध्याकाळी तर खुराकावर तुटून पडलं होतं. वाटलं, साप चावला असेल. दुपारी दुसरं झोकांड्या खायला लागलं. पापण्या सुजलेल्या, आवाज घोगरा. ताप नाही, हगवण नाही. रात्रीत तेही गेलं. बारकी पिल्लं मात्र ठणठणीत!

डॉक्टरसाहेबांनी शवविच्छेदन केलं. जठराच्या भिंतीत जेलीसारखं पाणी साचलेलं. म्हणाले, "हा एडिमा, म्हणजे सूज रोग. आतड्यात ई. कोलाय जिवाणूची एक जात वाढते आणि शिगा टॉक्सिन नावाचं विष सोडते. ते रक्तात उतरून बारीक रक्तवाहिन्या खराब करतं, त्यातून पाणी झिरपतं. पापणीत झिरपलं की सूज, मेंदूत झिरपलं की झोकांड्या."

मी म्हटलं, मग इंजेक्शन द्या की. ते म्हणाले, "इंजेक्शन जिवाणू मारेल. रक्तात गेलेलं विष कसं काढणार?"

मग खुराकाची विचारपूस झाली आणि माझी चूक मला कळली. वजन लवकर भरावं म्हणून पहिल्या दिवसापासून सोयापेंड वाढवून पोटभर खुराक दिला होता. पिल्लांच्या कोवळ्या आतड्याला एवढं प्रथिन पचेना, जिवाणूंची चंगळ झाली. त्यात आईच्या दुधातून मिळणारं संरक्षणही तुटलेलं. जे जास्त खातं, तेच आधी जातं.

त्या दिवशी खुराक बंद केला, पाणी चालू ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून थोडा थोडा, चार-पाच वेळा दिला. पेंड कमी, गव्हाचा कोंडा जास्त. तरी आणखी एक गेलं. सहा राहिली.

आता पुढच्या वेताला दूध तोडण्याआधीच खुराकाची चव लावणार. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करणार. दोन वेतांची पिल्लं एकत्र कोंडणार नाही. जमीन कोरडी ठेवणार.

तुमच्याकडे असं अचानक पिल्लू मेलं तर नाल्यात फेकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरे रोगही असे झटक्यात मारतात. मी पहिलं पिल्लू न दाखवता पुरलं, तिथेच अर्धा दिवस गेला.