मुक्काम कुठे करायचा?

शाळेला सहामाहीची सुट्टी लागली की घरात मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "यंदा कुठे जायचं?" गाडीचा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. दोन-तीन घरांनी वर्गणी काढली की क्रूझर ठरते. भाकरी, चटणी, तांदूळ, शेगडी आणि सतरंज्या बरोबर घेतल्या की जेवणाचा खर्चही वाचतो. घोडे अडते ते रात्रीच्या मुक्कामापाशी. नऊ माणसांना लॉजच्या दोन खोल्या लागतात आणि तेवढ्यातच महिन्याचा किराणा निघून जातो.

राज्य सरकारने 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. आत पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेल्या गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी खास जागा, अशी ती कल्पना आहे. चांगली आहे. पण कामगार माणसाची कॅरव्हॅन म्हणजे भाड्याची क्रूझर आणि वर ताडपत्रीखाली बांधलेले सामान. तिला जागा कुठे मिळेल, ते आपले आपणच शोधावे लागते.

आणि आपल्या माणसाला जागा शोधताना आणखी एक ओझे वाहावे लागत होते. 1901 साली लहानगे बाबासाहेब थोरले बंधू आणि दोन भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, बैल स्वतः हाकले आणि गाडीवान पायी चालला. रात्री टोलनाक्याजवळ उघड्यावर गाडी सोडून मुक्काम केला. बरोबर जेवणाचा डबा भरलेला होता, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून पोरे उपाशीच झोपली. 1934 साली बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांबरोबर बसने नाशिकहून येवल्यामार्गे वेरूळची लेणी पाहायला निघाले, तेव्हाही वाटेत त्रास नको म्हणून प्रवासाचा गाजावाजा केला नव्हता. तरी दौलताबादच्या किल्ल्यासमोरच्या हौदावर हातपाय धुतले, म्हणून त्यांना वेढा पडलाच. हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे.

आपल्या नगर जिल्ह्याचीही अशीच एक गोष्ट आहे. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. शिदनाक महाराचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंमध्ये लागला म्हणून छावणीत तक्रार झाली, असे परंपरेने सांगतात. ही जेवणाची पंगत नव्हे, तलवार चालवणाऱ्यांची पंगत आहे, असे म्हणून एका जाणत्याने ती तक्रार मिटवली. आणि पुढे लढाईत शिदनाकानेच परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला. तंबू कुठे ठोकायचा हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

हे सांगायचे कारण माझी आई. गेल्या नोव्हेंबरात आम्ही भंडारदऱ्याला निघालो. नगर, राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. 1972 च्या दुष्काळात आई सतरा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर तिला ओंजळीत वरून पाणी ओतून मिळायचे. वाटेत ती नातीला हळूच म्हणाली, "कुनी इचारलं तर नगरचे आहोत एवढंच सांग. आडनाव कशाला सांगायचं?" मला राग आला नाही. त्याच प्रवासात एका गावच्या लॉजवाल्याने आधी खोल्या आहेत म्हटले, वहीत आडनाव पाहिले आणि मग खोल्या भरल्याचे सांगितले. आईची भीती खोटी नव्हती.

संध्याकाळी धरणाजवळच्या शेंडी गावात पोहोचलो. प्रवरेवरचे हे विल्सन धरण 1926 साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाच्या काठाने रतनवाडीपर्यंत स्थानिक लोक तंबू लावून देतात. त्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची पुष्कळ घरे आहेत. एका घरासमोर गाडी थांबवली. मावशींनी वही पुढे केली. आईने माझ्याकडे पाहिले. नातीने पेन घेतले, पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट, आणि वर "जय भीम, मावशी" म्हणून मोकळी झाली. मावशी म्हणाल्या, "जय भीम, बाळा. आधी पानी प्या." तांब्या सरळ आईच्या हातात दिला. आई पाणी प्यायली आणि बराच वेळ तांब्या हातातच धरून बसली.

रात्री पिठले, भाकरी, ठेचा आणि भात. तलावावर चांदणे होते, थंडी कडक होती. लॉजच्या दोन खोल्यांच्या भाड्यात नऊ माणसांचा मुक्काम आणि जेवण झाले, वर थोडे उरले.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी दर उतरतात. मेअखेर ते पहिला पाऊस या काळात काजवे दिसतात, पण तेव्हा गर्दी फार आणि भावही चढे. स्वतःचा तंबू नेला तर पुष्कळ जण फक्त जागेचे पैसे घेतात. दर माणशी की तंबूमागे, जेवण धरून की वेगळे, मुलांचे किती, हे सामान उतरवण्याआधी विचारा. बायकांसाठी संडास आहे का आणि त्याला आतून कडी लागते का, हे घरातल्या बाईनेच जाऊन पाहावे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. नाक्यावरची प्रवेशाची पावती घ्या आणि कचरा परत आणा. पाण्यात उतरू नका. धरणाखालच्या नदीपात्रात कधीही तंबू टाकू नका, पाणी सोडले की जीव वाचवायला वेळ मिळत नाही. शेगडी तंबूबाहेर ठेवा. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नव्हे, सरळ सरकारी दवाखान्यात न्या.

हमरस्त्यावर रात्र झाली तर जेवलेल्या गिऱ्हाइकाला खाट देणारे ढाबे आहेत. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, हवा आणि संडास मोफत मिळाले पाहिजेत. गाडी तिथे रात्रभर ठेवायची असेल तर मात्र विचारून ठेवा.

सर्वांत स्वस्त आणि आपला मुक्काम म्हणजे बुद्धविहार. पण अचानक जाऊन दार ठोठावू नका. आधी समितीला फोन करा, किती माणसे ते सांगा, सकाळच्या वंदनेला बसा, झाडलोट करा आणि दानपेटीत जमेल ते टाका. ज्या गावांत विहाराला एखादी खोली आणि नळ आहे, तिथल्या समितीने ती प्रवासी कुटुंबांसाठी खुली ठेवली तर वेरूळला जाणाऱ्या किती लेकरांची सोय होईल! वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवून निघावे.

नगर शहरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, थांबलात तर किल्ला दाखवा. 1942 च्या लढ्यात नेहरू, पटेल, आझाद इथे कैदेत होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र बरोबर हवे. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी पोर पुढे निजामशाहीचा वजीर झाला, त्या मलिक अंबरची गोष्ट मुलांना तिथेच सांगा.

आणि नाव लपवू नका. संविधानाच्या कलम 15 ने हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांवर जातीवरून मज्जाव करायला मनाई केली आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घालून अस्पृश्यतेपायी दार बंद करणे गुन्हा ठरवले आहे. कोणी अडवले तर वाद न घालता वेळ, ठिकाण, कोण काय बोलले हे लिहून घ्या, साक्षीदार पाहा, 112 ला फोन करा. आम्ही त्या लॉजवर हे केले नाही. लेकरे दमली होती, म्हणून निघून आलो. ती चूक झाली.

परतताना संगमनेरला चहाला थांबलो. शेजारच्या बाकावरच्या बाईने आईला विचारले, "कुठलं गाव? कोन तुम्ही?" आम्ही सगळे गप्प झालो. आईने पदर सावरला आणि गाव सांगितले, आडनाव सांगितले, आणि कोणी विचारले नसताना पुढे म्हणाली, "आमी बौद्ध हाव."

जय भीम!