काटा बसला होता

अब्बा रेल्वेत सांधेवाले होते. पुस्तकात सांधा म्हणतात, साहेब लोक पॉइंट म्हणत आणि आमच्या यार्डात सगळे नुसतं काटा म्हणत. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर न्यायची ती जागा. दोन टोकदार पट्ट्या सरकतात आणि त्यातली एक मुख्य रुळाला चिकटून बसते. ती पुरती चिकटली की चाक वळतं, थोडी फट राहिली की घसरतं. अब्बा लोखंडी दांडा ओढत, मग कंदील घेऊन वाकत, पट्टी बसली का ते पाहत आणि मगच हिरवा दिवा दाखवत.

डिसेंबर १९६८. रमजान चालू होता. सहेरीच्या वेळी साइडिंगमध्ये मालगाडीचं इंजिन घसरलं. कुणाला इजा झाली नाही, पण चौकशी झाली. काटा नीट बसवला नव्हता असा ठपका अब्बांवर आला. तीन वर्षं पगारवाढ थांबली, बदली झाली, आपाचं ठरलेलं लग्न पुढे गेलं. वस्तीत लोक म्हणाले, रोज्याचा माणूस, पहाटे डोळा लागला असेल. मी चौदा वर्षांचा होतो. ईदच्या दिवशी मीच विचारलं, "अब्बा, तुम्हाला झोप लागली होती का?"

अब्बांनी हातातला शीरखुर्म्याचा वाडगा खाली ठेवला. "बेटा, काँटा पूरा बैठा था," एवढंच म्हणाले. मला ते पटलं नाही, आणि पटलं नाही हे त्यांना कळलं. १९९१ साली ते गेले. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

हे सगळं आठवायचं कारण एक खेळणं आहे.

शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर २०१९ मध्ये नातवाला, आदिलला, घेऊन पुण्याला गेलो होतो. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. तिथे सिग्नल पडतात, गाड्या आपापल्या रुळावर वळतात. आदिल काचेला नाक लावून उभा राहिला आणि मी त्याच्या मागे. घरी येताना दोघांनाही वेड लागलं होतं. माझा धाकटा अमेरिकेत असतो. त्याने रुळांचा एक तयार संच पाठवला. एचओ म्हणतात त्याला. मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी गाडी, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. माळ्यावरच्या खोलीत फळ्या टाकून आम्ही तो मांडला. छोटं डिझेल इंजिन वर्षभर सुखाने पळालं.

मग धाकट्याने मोठं इंजिन आणलं. पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या जे-१ वर्गाचं वाफेचं इंजिन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४४ दरम्यान, अशी १२५ इंजिनं बांधली गेली होती. पुढे दोन छोटी चाकं, मधे दहा मोठी, मागे चार. टेंडर धरून आमचं मॉडेल सव्वा फुटाच्या आसपास. ते पाहून मला यार्डातला धूरच आठवला.

पहिल्याच संध्याकाळी ते साइडिंगच्या काट्यावर घसरलं. उचलून ठेवलं, पुन्हा घसरलं. काटा आदिलच्या हातात होता. मी ओरडलो, "पट्टी पूर्ण बसवत नाहीस तू! लक्ष कुठे असतं?"

तो म्हणाला, "दादा, पूर्ण बसली होती."

"मग इंजिन काय हौसेने पडतं?"

पोरगं उठून खाली गेलं. दोन दिवस वर आलं नाही.

तिसऱ्या रात्री इशाची नमाज झाल्यावर मी एकटा वर गेलो. काटा स्वतःच्या हाताने बसवला. भिंग लावून पाहिलं, पट्टी रुळाला घट्ट चिकटलेली. इंजिन हळू सोडलं. तिथेच, पट्टीच्या टोकाच्या जरा पुढे, पहिलं मोठं चाक रुळावर चढलं आणि बाहेर पडलं. दहा वेळा केलं, आठ वेळा पडलं. छोटं डिझेल दहाच्या दहा वेळा पार झालं. दोन्ही वेळा हात माझाच होता.

मग धाकट्याला फोन करून पुस्तकं मागवली आणि या वयात काट्यांचा अभ्यास केला. काट्याला नंबर असतो. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे ते किती कोनात फाकतात, त्याचा तो नंबर. चार नंबर म्हणजे चार इंच पुढे गेल्यावर एक इंच फाकणं, सहा नंबर म्हणजे सहा इंचांत एक. नंबर जितका मोठा, तितकं वळण सौम्य आणि काटा लांब. आपल्या रेल्वेतही हाच हिशेब आहे. यार्डात साडेआठास एक, प्रवासी गाड्यांच्या मार्गावर बारास एक. अमेरिकेत छोट्या रेल्वेवाल्यांची १९३५ पासूनची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या तक्त्यात चार नंबरच्या आतल्या वळणाची त्रिज्या १५ इंच आहे, सहा नंबरची ४३. केवढा फरक! काही काट्यांवर नंबर नसतोच, फक्त लहान, मध्यम, मोठा असं लिहिलेलं असतं. तिथे त्रिज्या विचारून घ्यावी, कारण कोन सारखा असूनही वळण वेगळं असू शकतं. आमच्या संचातला काटा तर अठरा इंची गोलाईचाच तुकडा होता.

छोट्या डिझेलची चाकं दोन वेगळ्या गाड्यांवर असतात, त्या आपापल्या वळतात. जे-१ ची दहा चाकं एकाच सांगाड्यात. ती सरळ रेघ वाकत नाही. मॉडेल करणारे धुऱ्यांना बाजूला सरकायला थोडी जागा देतात, पण तिलाही मर्यादा आहे. शिवाय एका रुळावरून शेजारच्या रुळावर जाताना दोन काटे पाठोपाठ लागतात. आधी डावं वळण, लगेच उजवं. तिथे लांब इंजिनाचे सर्वात जास्त हाल होतात. म्हणून अशा जोडीला सहापेक्षा आठ नंबर बरा.

मला कळलेला नियम एका ओळीचा आहे. आपल्याकडचं सर्वात मोठं इंजिन पाहून काटे घ्यावेत, जागा पाहून नाही. जागा कमी पडली तर रूळ कमी करावेत. आम्ही तेच केलं. मुख्य मार्गावर आठ नंबर, साइडिंगला सहा. काटे लांब झाले म्हणून पाचाच्या तीन साइडिंग राहिल्या. मांडणी खोलीच्या दोन भिंतींना धरून नेली आणि कोपऱ्यातलं वळण ३६ इंच त्रिज्येचं ठेवलं.

पण ते नंतर. त्या रात्री मी बराच वेळ इंजिन हातात घेऊन बसलो होतो. अब्बांनी अम्मीला सांगितलेलं आठवलं. त्या साइडिंगचा काटा यार्डात सर्वात आखूड होता. त्यावर शंटिंगची लहान इंजिनंच जात. त्या रात्री घाईत मोठं इंजिन आत घेतलं होतं. चौकशीत हे कुणी विचारलं का, मला माहीत नाही. अब्बांच्या हातून चूक झालीच नसेल असंही मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पण काटा कुठला, इंजिन कुठलं, हे न बघता मी हाताला दोष दिला होता. ईदच्या दिवशी, बापाला. आणि पन्नासहून जास्त वर्षांनी नातवाला, तेच शब्द ऐकून.

सकाळी आदिलला वर बोलावलं. त्याच्यासमोर इंजिन दोनदा पाडून दाखवलं. म्हणालो, "बेटा, तुझा काटा बसला होता. माझंच चुकलं. माफ कर."

तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

आता नवे काटे आहेत, इंजिन घसरत नाही. तरी आदिल काटा टाकला की वाकून पट्टी पाहतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मग म्हणतो, "दादा, बसला."

मी बरं म्हणतो आणि गाडी सोडतो. पुन्हा तपासायला जात नाही.