चासीवर उभी राहणारी कला : बसवकल्याणचे ऑटोनगर आणि ट्रकबांधणीचा प्रश्न

कारखान्यातून बाहेर पडलेले वाहन हे त्याचे अंतिम रूप न मानता, मालकाने किंवा कारागिराने ते पुन्हा स्वतःच्या गरजेप्रमाणे आणि रुचीप्रमाणे घडवावे, या प्रथेला विसाव्या शतकात जगाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळी रूपे लाभली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्यांचे अनावश्यक पत्रे उतरवून, इंजिनाची ताकद वाढवून त्या कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत पळवल्या जात, आणि अशा वेगासाठी हलक्या केलेल्या गाडीस पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव रूढ झाले. ज्या गाडीत वेगापेक्षा आकार, उंची, रंग आणि सजावट यांना महत्त्व दिले जाते, तिला ‘कस्टम’ म्हणतात. या दोन्ही प्रथा अमेरिकेबाहेर ज्या देशांत सर्वांत खोलवर रुजल्या, त्यांत स्वीडनचे स्थान अग्रभागी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वीडनमध्ये शेतीसाठी ट्रॅक्टर मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या मोटारी कापून, त्यांचा वेग मर्यादित करून त्यांना ट्रॅक्टरचे काम करायला लावण्याची मुभा तेथील शासनाने दिली. अशा गाड्यांना ‘एपा’ नावाच्या स्वस्त वस्तूंच्या दुकानमालिकेवरून ‘एपा-ट्रॅक्टर’ हे नाव पडले, आणि युद्ध संपल्यावरही त्या ग्रामीण तरुणांच्या हाती राहिल्या. युद्धात न उतरलेल्या या देशाच्या कारखान्यांची हानी झाली नव्हती, त्यामुळे १९५० च्या दशकात कामगारवर्गातील तरुणांनाही जुन्या अमेरिकन मोटारी विकत घेणे परवडू लागले. त्यांच्या टोळ्यांना ‘रागारे’ म्हटले गेले आणि १९५९ मध्ये त्यांच्यावर याच नावाचा चित्रपटही निघाला. समाजाने प्रथम ज्यांना उपद्रवी मानले, त्यांच्याच छंदाला पुढे मासिके, मेळावे आणि संघटना लाभल्या. तेथील कस्टम-कारागीर स्वेम्पा बेरियेंदाल यांनी स्कॅनिया ट्रकांना दिलेली रूपे आज प्रदर्शनांत मानाने मांडली जातात. शेतीची निकड, तरुणांची हौस आणि शासनाने वेळेवर केलेले नियम या तिन्ही गोष्टी स्वीडनमध्ये एकत्र आल्या, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मात्र वाहनाचे रूप बदलणे हा छंद म्हणून कधी आला नाही. मुंबई-पुण्याकडे दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने श्रीमंतांच्या मोटारींना नवे रूप देण्याचा व्यवसाय उभा केला, अलिबागेजवळ चिंकारा मोटर्सने छोट्या उघड्या मोटारी बांधल्या, आणि वृत्तपत्रांतून कस्टम वाहन म्हटले की याच उदाहरणांची चर्चा होते. परंतु भालकी, औराद, आळंद किंवा बसवकल्याण तालुक्यातील माणसाच्या अनुभवातील, एका मालकासाठी खास बांधून घेतलेले वाहन कोणते, असा प्रश्न केल्यास उत्तर ट्रक हेच येईल. हा ट्रक हौसेचा नसून कर्जाचा असतो, आणि म्हणूनच त्याच्या बांधणीतील प्रत्येक निर्णयामागे हिशेब असतो.

या परिसरात यांत्रिक वाहतूक निजामाच्या राजवटीत आली. निजाम राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली, आणि बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे त्याच राज्याचे भाग होते. मालवाहतुकीचा खरा विस्तार मात्र स्वातंत्र्यानंतरचा आहे. टाटांच्या कंपनीने १९५४ मध्ये डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवण्यास आरंभ केला, आणि १९६९ मध्ये तो करार संपल्यावरही त्या घडणीचे ट्रक देशभर धावत राहिले. येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे. हे ट्रक मोठ्या प्रमाणावर पूर्ण वाहन म्हणून विकले जात नसत. गिऱ्हाइकाला मिळे ती ‘चासी’, म्हणजे दोन लांब पोलादी तुळयांचा सांगाडा, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, चाके, पाटे, आणि चालकासमोरचा ‘काऊल’ नावाचा दर्शनी भाग. चालकाची केबिन आणि मागचा हौदा बांधणे हे स्थानिक कारागिरांचे काम होते. पंजाबातील सरहिंद, तमिळनाडूतील नामक्कल, आंध्रातील विजयवाडा ही केंद्रे याच कामावर वाढली.

बसवकल्याणचे ऑटोनगर, म्हणजे वाहनबांधणी-दुरुस्तीची वसाहत, याच मालिकेतले. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आता ६५, या तालुक्यातून जातो. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या सीमा जवळ आहेत, त्यामुळे सस्तापूर बंगल्याच्या नाक्यावर तिन्ही राज्यांच्या क्रमांकांचे ट्रक थांबतात. चालक जेथे थांबतो तेथे पंक्चर काढणारा येतो, त्याच्यामागून पाटे बदलणारा, वेल्डर, सुतार, रंगारी, गादीवाला असे एकेक जण येत जातात, आणि काही दशकांत त्या वस्तीला देशातील मोठ्या ऑटोनगरांत स्थान मिळते. तेथे मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा एकाच ट्रकभोवती बोलल्या जातात.

हौदा बांधण्याचे काम बाहेरून सोपे वाटते, आणि येथेच त्याविषयीचा पहिला गैरसमज सुरू होतो. चासीच्या तुळयांना मनमानी भोके पाडून त्यावर हौदा बसवला तर भोकांच्या कडेपासून तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून जाणता मिस्त्री ‘यू-बोल्ट’ म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे आवळ वापरून हौद्याची चौकट तुळईला कवटाळतो आणि दोहोंच्या मध्ये लाकडाची पट्टी घालतो, जेणेकरून धातूवर धातू घासणार नाही आणि रस्त्याचे हादरे काहीसे मुरतील. हौदा मागच्या आसापलीकडे किती लांबवायचा यालाही मर्यादा आहे. नियमानुसार हा लोंबता भाग पुढच्या-मागच्या आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. म्हणजे ते अंतर ४.२ मीटर असेल तर मागचा भाग फार तर २.५२ मीटर. ही मर्यादा ओलांडली की मागच्या भारामुळे पुढच्या चाकांवरचे वजन घटते, आणि स्टिअरिंग हलके वाटू लागते. चालकाला ते सुखद वाटते, परंतु वळणावर तेच जिवावर बेतते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मालाचा. कलबुर्गीची तूर पोत्यांतून जाते, तिला फटी नसलेल्या बाजू आणि ताडपत्रीच्या दोरांसाठी जवळजवळ बसवलेले हूक लागतात. शहाबादची फरशी आकाराने थोडी पण वजनाने प्रचंड, म्हणून तिच्या ट्रकाचा तळ भक्कम आणि बाजू बुटक्या असाव्या लागतात. सेडम आणि वाडी येथील सिमेंटच्या गोण्यांना तळावर एकही खिळा वर आलेला चालत नाही. भालकी-हुमनाबाद भागातील साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस मात्र जागा अधिक व्यापतो, त्यामुळे उंच आणि उघड्या जाळीच्या बाजू सोयीच्या. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन चासींवर म्हणूनच दोन वेगळे ट्रक उभे राहतात. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसभाराची मर्यादा वाढवल्यावर दोन आसांच्या ट्रकाचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले, परंतु त्या वजनात हौद्याचे वजनही धरलेले असते. हौदा २०० किलोने जड झाला तर प्रत्येक फेरीत तेवढाच माल कमी भरावा लागतो, आणि ट्रकाच्या आयुष्यभर तो तोटा साचत राहतो. भक्कमपणा आणि हलकेपणा यांतील हा तोल वजनकाटा पाहण्याआधीच हाताने साधणारा कारागीर हा अभियंताच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या लेखाची मागणी करताना संपादकांनी ट्रकमागच्या ओळींवर आणि चित्रांवर भर असावा अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ती अपेक्षा समजण्याजोगी आहे. श्रीमाणिकप्रभू, शरणबसवेश्वर, ख्वाजा बंदेनवाज या स्थानिक संतांची नावे, कमळे, मोर, गरुड, फाळक्यावरचे शेर या सर्वांना स्वतःचे सौंदर्य आहे, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘हॉर्न ओके प्लीज’ ही ओळ लिहिण्यावर बंदी आणली तेव्हा तिची बातमी सर्वत्र झाली. परंतु रंग हा या कलेचा शेवटचा थर आहे. वाचकाचे लक्ष नेहमी त्या थरावरच थांबते आणि त्याखालची चौकट, जोड, आवळ यांचे कौशल्य अज्ञातच राहते, याची खंत या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यास वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, आणि त्याचा विस्ताराने परामर्श घेणे भाग आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका अपिलात असा निर्णय दिला की, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. त्यानंतर ‘गाडीत काहीही बदलणे बेकायदा’ हे वाक्य वृत्तपत्रांतून, चहाच्या टपऱ्यांतून आणि काही वेळा तपासनाक्यांवरूनही ऐकू येऊ लागले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे स्पष्टीकरण मात्र ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणारा रचनेतील बदल, असे सांगते. शिवाय हे कलम नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांविषयी बोलते. ज्या चासीवर अद्याप हौदाच बसलेला नाही, तिच्या पूर्ण रूपाचा तपशील प्रमाणपत्रात असणारच नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये चासी बॉडी बसवण्यासाठी कार्यशाळेत असताना तिला तात्पुरती नोंदणी देण्याची तरतूद आहे, आणि नियमांतील नमुना २२-अ मध्ये बॉडी बांधणाऱ्याने स्वतंत्रपणे प्रमाणपत्र द्यायचे असते. कायद्याने हा व्यवसाय गृहीत धरला आहे, मान्य केला आहे आणि त्याच्यावर जबाबदारीही टाकली आहे. नोंदणीपूर्वीची बांधणी आणि नोंदणीनंतरचा फेरबदल या दोन वेगळ्या कृती आहेत. दुसरीसाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली, ती पहिलीला लागू होत नाही. हा भेद न समजल्यामुळे प्रामाणिक मिस्त्रीला चोरट्यासारखे वागवले जाते, आणि पासिंग झाल्यानंतर गुपचूप हौदा लांबवणाराही त्याच पंगतीत बसून सुटतो.

असे असले तरी कारागिरांच्या बाजूने सगळेच ठीक आहे असा दावा करणे अप्रामाणिक ठरेल. लाकडी केबिन धडकेत चालकाला वाचवत नाही, हे सत्य आहे. ट्रकच्या केबिन आणि हौद्यांसाठी एआयएस-०९३ ही संहिता आखण्यात आली, आणि २०२५ पासून नव्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. मे महिन्यातील कलबुर्गीच्या उन्हात दिवसभर इंजिनाशेजारी बसणाऱ्या चालकासाठी हा निर्णय योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की केबिन कारखान्यातूनच बसून येते, पुष्कळदा हौदाही तयारच येतो, आणि ऑटोनगराकडे उरते ती दुरुस्ती. सुरक्षितता आणि कौशल्य यांपैकी एकाचीच निवड करावी लागते काय, याचे निर्णायक उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही.

स्वीडनचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेथे हौशी बांधणाऱ्यांनी एसएफआरओ ही राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि घरी बांधलेले किंवा मोठे बदल केलेले वाहन नोंदणीपूर्व तपासणीस नेण्याआधी याच संघटनेच्या तपासनिसांकडून आरेखन, ब्रेक, जोड यांची छाननी होते. बांधणाऱ्यांतलाच जाणकार माणूस बांधणाऱ्याला प्रश्न विचारतो, त्यामुळे चूक गॅरेजमध्येच सापडते, रस्त्यावर नव्हे. बसवकल्याणला अशी व्यवस्था उभी करण्यासाठी लागणारे ज्ञान तेथेच आहे. नाही ती त्याची नोंद. वयोवृद्ध मिस्त्रींनी बांधलेल्या हौद्यांची मापे, वापरलेली लाकडे, जोडांचे प्रकार, मालानुसार केलेले बदल यांचे रेखाटनांसह संकलन बिदर किंवा कलबुर्गीतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हाती घ्यावे, आणि त्या आधारे प्रशिक्षित स्थानिक तपासनिसांना परिवहन विभागाने मान्यता द्यावी. हे काम करू शकणाऱ्या पिढीतील कारागीर आज ऑटोनगरात आहेत. आणखी दहा वर्षांनी ते नसतील.