टीडीएसच्या पेनला सगळं कळत नाही

एप्रिल 2025 मध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा कळलं, की पालिकेच्या नळापलीकडे मुंबई विहिरी-बोअरच्या पाण्यावर किती अवलंबून आहे. चर्चा नोटिसा आणि एनओसीची झाली. त्या पाण्यात असतं काय, हे फारसं कोणी विचारलं नाही.

आमच्या अंधेरी पूर्वेच्या सोसायटीत बोअरचं पाणी फ्लशला आणि गाड्या धुवायला. त्याला रॉकेलसारखा वास यायला लागला, तेव्हा मीटिंगमध्ये एका काकांनी टीडीएसचा पेन बुडवला. आकडा आला 480. "पाचशेच्या आत आहे, काही नाही होत!" विषय संपला.

गडबड इथेच आहे. तो पेन पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. तेल त्याला दिसतच नाही. पिण्याच्या पाण्यात टीडीएसची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम, क्रोमियमची 0.05. म्हणजे दहा हजारांतला एक भाग. पेन काय सांगणार?

लॅबलाही नुसतं "पाणी तपासा" म्हणून भागत नाही. आधी शेजारी काय चालतं ते बघा. प्लेटिंगचे गाळे असतील तर क्रोमियम, निकेल तपासा. गॅरेज किंवा ड्रम धुण्याची जागा असेल तर तेल. अमोनिया, नायट्रेट आणि कोलिफॉर्म एकत्र वाढले, तर पहिला संशय फुटलेल्या ड्रेनेजवर घ्या. वर्सोव्यासारख्या ठिकाणी क्लोराइड वाढलं, तर समुद्राचं पाणीही शिरलेलं असू शकतं.

आम्ही वर्गणी काढून तपासणी केली. तेल निघालं. बोअर बंद केली. ते आलं कुठून, हे शोधायला मात्र कोणी आलं नाही. पत्रं दिली, पोचही मिळाली.

नाल्यातलं मूळ शोधायची पद्धत तशी साधी आहे. प्रवाहाच्या उलट जायचं, चेंबरमागून चेंबर नमुने घ्यायचे. खालच्यात सापडलं, वरच्यात नाही, तर सोडणारा त्या दोघांच्या मधे. रात्रीही नमुने घ्यायचे, कारण चोरून सोडणारा दिवसाउजेडी सोडेलच असं नाही. जमिनीखालचं पाणी शोधणं अवघड, पण सुरुवात नाल्यापासून करता येते.

मुंबईला हे नवीन नाही. इथल्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू 2001 पासून शोधला जातोय. मग पवईपासून माहीमपर्यंत मिठीत कुठल्या नाल्यातून काय येतं, हे वॉर्डनिहाय का जाहीर होऊ नये? गाळ दरवर्षी उपसतात, त्या गाळात काय होतं तेही सांगा की!

तुमच्या सोसायटीचा बोअरचा रिपोर्ट असेल तर परिसर, तारीख आणि आकडे खाली लिहा. नकाशा करूया. एकट्या सोसायटीचं पत्र फाइलला लागतं, पन्नास रिपोर्ट घेऊन गेलो तर निदान बसायला तरी सांगतील.